नाडीची उपमा आणि हृदयाचा आलेख

पुण्याच्या आयुर्वेद महाविद्यालयांत अभ्यासली जाणारी मध्ययुगीन शार्ङ्गधरसंहिता नाडीची गती उपमांनी सांगते: जळू, साप, बेडूक, हंस. थांबत थांबत चालणारी नाडी तिने प्राणघातक मानली. बोटांना विस्कटलेली लय कळे, तिचे मूळ कळत नसे. १९०९ मध्ये लंडनच्या थॉमस लुईस यांनी हृदयालेखावरून काही रुग्णांतले ते मूळ दाखवले: हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. हेच ॲट्रियल फिब्रिलेशन. तिथे रक्त साकळते. गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात होतो. म्हणून आज ठोक्यांचा वेग आवरण्याबरोबरच धोका पाहून रक्त पातळ ठेवणारे औषधही देतात. भय जुनेच होते. आलेखाने त्याला कारण दिले आणि कारणामुळे उपाय सापडला. मात्र पहिला संशय आजही अनेकदा मनगटावरच्या बोटांनाच येतो.