आकड्यावर विकला गेलेला कॅमेरा

सन १८७७ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथील एका बँकेतील जॉर्ज ईस्टमन नावाच्या कारकुनाने छायाचित्रणाचे साहित्य खरेदी केले. त्या काळी हे साहित्य म्हणजे एक लहानसा संसारच असे. पेटीएवढा कॅमेरा, त्याची तिपाई, काचा, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचे भांडे आणि अंधारासाठी तंबू, एवढे सारे बरोबर न्यावे लागे. काचेवर रसायनाचा लेप द्यावयाचा, ती ओली असतानाच चित्र घ्यावयाचे आणि तेथल्या तेथे ते धुऊन काढावयाचे, असा तो विधी होता. आपल्याकडे इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस असलेले लाला दीनदयाळ यांनी छायाचित्रणास आरंभ केला तोही सुमारे १८७४ मध्येच. पुढे हैदराबादच्या निजामांच्या पदरी ते राजा दीनदयाळ म्हणून प्रसिद्धीस आले. या दोघांच्या काळी कॅमेरा विकत घेणारा मनुष्य त्या विद्येविषयी अनभिज्ञ असणे शक्यच नव्हते, कारण विद्या नसेल तर ती पेटी निरुपयोगी होती.

अनभिज्ञ ग्राहकाचा जन्म १८८८ सालचा, आणि त्याचा जन्मदाता ईस्टमनच. त्या वर्षी त्याने ‘कोडॅक’ नावाचा हातात मावणारा कॅमेरा पंचवीस डॉलरना विक्रीस काढला. त्यात शंभर चित्रांची गुंडाळी आधीच भरलेली असे. दृश्य पाहण्यास झरोकाही नव्हता. पेटीच्या माथ्यावर दोन तिरप्या रेघा होत्या, त्यांच्या रोखाने नेम धरावयाचा. गुंडाळी संपली की सबंध कॅमेराच रॉचेस्टरला पाठवावयाचा. दहा डॉलरमध्ये चित्रे छापून येत आणि नवी गुंडाळी भरलेला कॅमेराही परत येई. ग्राहकाने केवळ कळ दाबावी, उरलेले काम कंपनीने करावे, असा तो करार होता. ज्ञान नाहीसे झाले नव्हते. ते ग्राहकाच्या हातातून कारखान्याच्या हाती गेले होते, इतकेच. १९०० साली एका डॉलरचा ‘ब्राउनी’ आला आणि कॅमेरा मुलांच्याही हाती पडला.

या साध्या पेट्यांची एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भारतात कित्येक घरांतील पहिला कॅमेरा ठरलेला ‘आग्फा क्लिक थ्री’ वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होई. त्याचे भिंग अगदी सामान्य होते. पण त्यात जी फिल्म घालीत, तिच्यावर सुमारे सहा सेंटिमीटर लांबी-रुंदीची बारा चौकोनी चित्रे उठत. तीच फिल्म व्यवसायी छायाचित्रकार आपल्या महागड्या कॅमेऱ्यात घाली. प्रकाश झेलणारा पृष्ठभाग गरिबाला आणि श्रीमंताला एकच मिळे, आणि तो चांगला ऐसपैस असे. शिवाय फिल्म धुण्यासाठी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जावेच लागे. तेथला जाणता मनुष्य चित्र का बिघडले ते सांगे, आणि क्वचित दोन शब्द सुनावीही. मुंज, लग्न, बाप्तिस्मा यांची त्या काळची जी चित्रे आजही घराघरांत शाबूत आहेत, त्यांमागे हा ऐसपैस पृष्ठभाग आणि हा सल्लागार, असे दोघेही उभे आहेत.

डिजिटल कॅमेऱ्याने दोघांनाही दूर केले. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी, पुढे प्रकाशाचे विजेत रूपांतर करून चित्र टिपण्यास उपयोगी पडलेली सीसीडी ही चकती शोधून काढली, आणि २००९ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ मध्ये कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो, चित्रातील बिंदू अवघे दहा हजार, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास तेवीस सेकंद लागत. १९९४ मध्ये ॲपल कंपनीचा ‘क्विकटेक’ आला, तेव्हा बिंदूंची संख्या तीन लाखांपर्यंत पोहोचली होती.

हे बिंदू म्हणजेच पिक्सेल, आणि दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. आरंभीच्या वर्षांत हा आकडा प्रामाणिक होता. सहा इंच बाय चार इंचांचे चित्र कागदावर नीट छापावयाचे, तर दर इंचास तीनशे या हिशेबाने अठराशे गुणिले बाराशे, म्हणजे साधारण बावीस लाख बिंदू लागतात. तीन लाखांत ते साधत नव्हते, म्हणून त्या काळी अधिक बिंदूंचा कॅमेरा खरोखरच अधिक चांगला होता. परंतु २००० सालाच्या आसपास ही मर्यादा ओलांडली गेली. आकड्याचे काम तेथे संपले आणि त्याचा व्यापार सुरू झाला. पाच, आठ, बारा, सोळा असे आकडे खोक्यावर ठळक अक्षरांत चढत गेले. ज्याला दुसरे काहीच कळत नव्हते, त्या ग्राहकाला निदान मोठा आकडा कोणता एवढे कळत होते.

खोक्यावर ठळक नसे ते प्रकाश झेलणाऱ्या चकतीचे, म्हणजे सेन्सरचे, आकारमान. बहुतेक लहान कॅमेऱ्यांत ती सहा मिलिमीटर बाय साडेचार मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान असे. जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवरील चित्राचे क्षेत्रफळ तिच्या सुमारे तीसपट भरते. पागोळीखाली परात ठेवली काय आणि वाटी ठेवली काय, पाऊस तोच. साठणारे पाणी मात्र वेगळे. त्याच वाटीत कप्पे वाढविले तर प्रत्येक कप्प्याच्या वाट्याला थेंबच येणार. मंद प्रकाशात घेतलेल्या चेहऱ्यांवर खसखस पसरल्यासारखे ठिपके दिसत, त्याचे हे एक मोठे कारण होते. त्यात पुन्हा आकारमान छापीत ते ‘१/२.३ इंच’ असे. ग्राहकाने हिशेब केला तर उत्तर अकरा मिलिमीटर येई. चकतीचा कर्ण प्रत्यक्षात पावणेआठ मिलिमीटरच्या आसपास. हे माप दूरचित्रवाणीच्या जुन्या कॅमेऱ्यांतील काचनळीच्या बाहेरील व्यासावरून चालत आलेले आहे. नळ्या गेल्या तरी माप राहिले, आणि ते विक्रेत्यांच्या सोयीचेच ठरले.

कारखानदारांना हे ठाऊक नव्हते असे नाही. कॅनन कंपनीने २००८ च्या ‘जी-१०’ कॅमेऱ्यात जवळजवळ दीड कोटी बिंदू दिले होते. २००९ च्या ‘जी-११’ मध्ये तेवढ्याच चकतीवर ते एक कोटीवर आणले. चित्र सुधारण्यासाठी आकडा खाली आणावा लागतो, याची ती कबुलीच होती. अशी उदाहरणे थोडी. २०१० मध्ये जगभर सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये ही संख्या ऐंशी लाखांच्या आत आली. मधल्या काळात फोनने तो बाजार गिळला, आणि आकड्याचे दुकानही फोनने तसेच पुढे चालविले. २०२० मधील एका फोनवर १०८ मेगापिक्सेल असे छापलेले होते. एरवी तो नऊ-नऊ बिंदू एकत्र करून बारा मेगापिक्सेलचेच चित्र देई. ज्या कोडॅकने अनभिज्ञ ग्राहक घडविला आणि पहिला डिजिटल कॅमेराही जुळविला, तिने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

अलीकडे तरुण मंडळी हेच जुने छोटे कॅमेरे हौसेने शोधून पुन्हा विकत घेऊ लागली आहेत, तेव्हा जुने आकडेही पुन्हा समोर येतात. अशा वेळी ग्राहकाने माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेले चकतीचे माप मिलिमीटरमध्ये वाचावे. झूम भिंगाने होतो की ‘डिजिटल’ आहे, हेही विचारावे. दुसऱ्या प्रकारात चित्राच्या कडा कापून मधला भाग मोठा करतात, नवे काही दिसत नाही. आणि विक्रेता दाराबाहेरच्या लख्ख उन्हातील रस्ता टिपून दाखवू लागला, तर त्याला दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाचा चेहरा टिपावयास सांगावे.