पाणी होतं, दाब नव्हता

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलसमोर वन मेरिडियन प्लाझा नावाची ३८ मजली कार्यालयीन इमारत होती. २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री तिच्या बाविसाव्या मजल्यावर आग लागली. तिसाव्या मजल्यावर ती थांबली तेव्हा एकोणीस तास होत आले होते, मधले आठ मजले जळून गेले होते आणि अग्निशमन दलाचे तीन जण मरण पावले होते. या आगीची हकीकत सहसा रात्री ८.२३ पासून सांगतात. मी ती तीन वर्षं आधीपासून सांगणार आहे, कारण त्या रात्री जवानांच्या हातात जे आलं ते तेव्हाच ठरलं होतं.

१९८८

ही इमारत बांधली गेली तेव्हा तिच्या सगळ्या मजल्यांवर स्प्रिंकलर असण्याची सक्ती नव्हती. जिन्यांतून वर गेलेले मोठे नळ कोरडे होते. आग लागली की बंब येणार, खालून पाणी चढवणार आणि मग वरच्या मजल्यावर जवान आपली नळी जोडणार. आपल्याकडे याला ड्राय रायझर म्हणतात. १९८८ मध्ये वरच्या काही मजल्यांवर स्प्रिंकलर बसवण्याच्या कामात हेच नळ कायम पाण्याने भरलेले, पंपाच्या दाबाखालचे करण्यात आले. कोरड्याचं ओलं झालं ही चांगलीच गोष्ट होती, पण तिच्यासोबत एक नवं काम आलं.

दर दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब साधारण एक किलोने बदलतो (पंपाचं काम करणारे दाब असा किलोतच सांगतात). सुमारे दीडशे मीटर उंचीच्या इमारतीत माथ्यापर्यंत पाणी पोचवायचं तर खाली प्रचंड दाब द्यावा लागतो. तो तसाच खालच्या मजल्यावरच्या नळीत सोडला तर नळी माणसाच्या हातात राहणार नाही. म्हणून जवान जिथे नळी जोडतात त्या, प्रत्येक मजल्यावरच्या लँडिंग व्हॉल्व्हवर खालच्या मजल्यांपुरते दाब उतरवणारे व्हॉल्व्ह बसवतात. मेरिडियन प्लाझात ते बसवले होते. प्रत्येक व्हॉल्व्ह त्या मजल्याच्या उंचीप्रमाणे वेगळा लावावा लागतो आणि इथल्या व्हॉल्व्हचं सेटिंग बदलायला खास हत्यार लागत होतं.

ते सेटिंग चुकलं. व्हॉल्व्हच्या तोंडाशी दर चौरस इंचाला ६० पौंडांपेक्षाही कमी, म्हणजे जेमतेम चार किलो दाब मिळेल अशा बेताने ते लावले गेले. फिलाडेल्फियाचे जवान पावणेदोन इंची नळी आणि फवारा मारणारं नोझल वापरत. त्या नोझलला १०० पौंड, म्हणजे सात किलो दाब लागायचा. त्या काळचं राष्ट्रीय मानक तर सर्वांत वरच्या तोंडाशी ६५ पौंडांवरच समाधान मानत होतं. म्हणजे सेटिंगची चूक नसती तरी मानक आणि जवानांच्या हातातलं नोझल यांचा मेळ बसत नव्हताच.

अशी चूक व्हॉल्व्हकडे नुसतं बघून कळत नाही. पंप चालू असतो, दाबमापकाचा काटा ठीक दिसतो, व्हॉल्व्हवर गंज नसतो. पाणी थांबलेलं असताना दिसणारा दाब वेगळा आणि ते जोरात वाहत असताना मिळणारा दाब वेगळा. चूक फक्त दुसऱ्या आकड्यात दिसते. त्यासाठी व्हॉल्व्ह पूर्ण उघडून, पाणी वाहू देऊन मोजावं लागतं आणि ते कुणालाच नको असतं. जिना भिजतो, पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न येतो, भाडेकरू कुरकुरतात.

कोरड्या नळीच्या स्प्रिंकलर यंत्रणेत तर ही टाळाटाळ आणखी वाढते. जिथे पाणी गोठतं अशा गोदामांत, शीतगृहांत आणि उघड्या पार्किंगमध्ये नळीत पाण्याऐवजी दाबाखालची हवा भरून ठेवतात. स्प्रिंकलर फुटला की हवा निघून जाते, मुख्य व्हॉल्व्ह सुटतो आणि पाणी धावतं. मोठ्या यंत्रणेत ते सर्वांत दूरच्या चाचणी-तोंडाशी साधारण ६० सेकंदांत पोचायला हवं. हे तपासण्यासाठी तीन वर्षांतून एकदा संपूर्ण नळ्या पाण्याने भरू द्याव्या लागतात. मग प्रत्येक सखल जागेचा निचरा करायचा, व्हॉल्व्ह पुन्हा बसवायचा आणि हवा भरायची. एखाद्या वळणात पाणी राहिलं तर थंडीत ते गोठून नळी फोडतं. कष्टाचं काम आहे आणि केल्यावर दाखवण्यासारखं काहीच उरत नाही. म्हणूनच ते कागदावर उरकलं जातं.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतींना दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून ‘फॉर्म बी’ घ्यावा लागतो. तो फाइलला लागला की सोसायटी निश्चिंत होते. वाहत्या पाण्याचा दाब किती आला, हे त्या वेळी किती जण विचारतात? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. का, ते पुढच्या काही तासांत दिसेल.

शनिवार, २३ फेब्रुवारी १९९१, दिवसा

बाविसाव्या मजल्यावर लाकडी कामाला पॉलिश करणाऱ्या कंत्राटदाराची माणसं काम आटोपून गेली. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी मागे राहिली. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. फडकं पसरून टाकलं तर ती उडून जाते, ढीग केला तर आत साठत जाते. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. सुट्टीचा दिवस होता, मजल्यावर कोणी नव्हतं आणि त्या मजल्यावर स्प्रिंकलरही नव्हते.

रात्री ८.२३

बाविसाव्या मजल्यावरच्या धूर-सूचकाने इशारा दिला. इमारतीचा एक अभियंता लिफ्टने थेट त्याच मजल्यावर गेला. दार उघडताच धूर आणि धग आत शिरली. त्याला लिफ्ट हलवता येईना. त्याने वायरलेसवरून खाली सांगितलं आणि तळमजल्यावरच्या सुरक्षारक्षकाने लिफ्ट खाली ओढून घेतली म्हणून तो वाचला. इशाऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या कंपनीने रक्षकाला फोन करून विचारलं. पाहणी चालू आहे, असं उत्तर मिळालं. अग्निशमन दलाला मात्र कोणी लगेच कळवलं नाही.

८.२७

रस्त्यावरच्या एका माणसाला वरून धूर येताना दिसला. त्याने फोन केला. दलाला मिळालेली पहिली वर्दी ही होती.

पहिला अर्धा तास

पहिली गाडी पोचली तेव्हा मधल्या एका मजल्याच्या खिडकीतून ज्वाळा बाहेर येत होत्या. जवान लिफ्टने अकराव्या मजल्यापर्यंत गेले आणि तिथून जिन्याने चढू लागले. तेवढ्यात संपूर्ण इमारतीची वीज गेली. मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही वीजवाहिन्या एकाच मार्गाने वर नेलेल्या होत्या आणि त्या मार्गाला आगीपासून संरक्षण नव्हतं. आगीने दोन्ही एकदमच तोडल्या. आपत्कालीन जनरेटरनेही साथ दिली नाही. दिवे नाहीत, लिफ्ट नाहीत, पंप नाहीत. पाठीवर हवेचं नळकांडं, खांद्यावर नळीची गुंडाळी आणि हातात कुऱ्हाड घेऊन जवान काळ्या अंधारात अकरा मजले चढले.

बाविसाव्याच्या दाराशी त्यांनी नळी व्हॉल्व्हला जोडली आणि व्हॉल्व्ह उघडला.

पाणी आलं, पण नोझलमधून जो फवारा सुटायला हवा होता तो सुटला नाही. बंब खालून नळांत पाणी ढकलत होते, तरी दाब वाढेना, कारण मध्ये तो व्हॉल्व्ह होता आणि त्याचं कामच दाब वर जाऊ न देणं हे होतं. खाली पंप चालवणाऱ्याने कितीही जोर लावला असता तरी वर फरक पडला नसता.

नऊनंतर

आगीला वर चढायला जिना लागला नाही. बाविसाव्याच्या काचा फुटल्या, ज्वाळा बाहेरून वर वळल्या आणि तेविसाव्याच्या काचा फोडून आत शिरल्या. मग चोविसावा, मग पंचविसावा. जिन्यांतही धूर भरत गेला. वरून काचा आणि दर्शनी भागाचे तुकडे रस्त्यावर पडत होते. खाली पसरलेल्या नळ्यांना आणि माणसांना त्यांचा धोका होता.

दल एकामागून एक तुकड्या मागवत गेलं. अखेर तुकड्या बोलावणारे बारा अलार्म झाले आणि तीनशेहून अधिक जवान लढत होते. जिन्यांतून पाच इंची जाड नळी हातांनी ओढत वर नेण्याचं काम सुरू झालं. इमारतीच्या नळांवरचा भरवसा संपला होता, म्हणून नवा नळ माणसांनी खांद्यावर उभा करायचा होता. काही तासांनी त्या व्हॉल्व्हची जुळणी जाणणारा तंत्रज्ञ आला आणि त्याने काही व्हॉल्व्हचा दाब वाढवला. तोवर आग अनेक मजले पुढे गेली होती.

याच रात्री दलाच्या इंजिन कंपनी ११ या तुकडीचे कॅप्टन डेव्हिड होलकॉम्ब, फिलिस मॅकअ‍ॅलिस्टर आणि जेम्स चॅपेल यांना मधल्या जिन्याने वर पाठवलं गेलं. जिन्यातला धूर बाहेर जाण्यासाठी वाट करायची होती. थोड्या वेळाने त्यांचा निरोप आला, की ते जिन्याबाहेर पडले आहेत, तिसाव्या मजल्यावर आहेत आणि दाट धुरात दिशा कळत नाही. खिडकी फोडायची परवानगी त्यांनी मागितली. नंतर कॅप्टन कोसळल्याचा निरोप आला.

आठ जणांची शोध-तुकडी वर गेली. तिसाव्यावर कोणी सापडलं नाही. शोधत शोधत ती अगदी माथ्याच्या यंत्रांच्या मजल्यावर पोचली, रस्ता चुकली आणि तिची हवा संपली. हेलिकॉप्टरने गच्चीवर उतरलेल्या दुसऱ्या तुकडीने त्या आठ जणांना बाहेर काढलं.

पहाटे २.१५ च्या सुमारास

हेलिकॉप्टरच्या प्रकाशझोतात अठ्ठाविसाव्या मजल्याच्या कोपऱ्यातली एक फुटलेली खिडकी दिसली. तिथे ते तिघे सापडले. शोध तिसाव्या मजल्यापासून वर चालला होता आणि ते दोन मजले खाली होते. त्यांना विसाव्या मजल्यावरच्या उपचार केंद्रात आणलं. तिघेही वाचले नाहीत.

व्हॉल्व्हच्या चुकीने त्यांचा जीव घेतला, असं थेट म्हणणं बरोबर होणार नाही. धूर, अंधार, गेलेली वीज, जिना सोडून बाहेर पडणं, असं बरंच काही त्यात होतं. पण बाविसाव्यावरची आग पहिल्या अर्ध्या तासात दाबाखालच्या पाण्याला तोंड देत असती तर या तिघांना धुराला वाट करायला इतकं वर जावं लागलं असतं का, हा प्रश्न मला सोडत नाही.

सकाळी ७

अकरा तासांच्या आगीने मजले वाकले होते, तडे गेले होते. मजल्यावर मजला कोसळेल, अशी भीती तज्ज्ञांनी व्यक्त केली आणि सगळ्या जवानांना इमारतीबाहेर येण्याचा हुकूम झाला. आजूबाजूच्या इमारतींतून पाण्याचे मोठे झोत सोडणं चालू राहिलं. बाकी आगीला मोकळं रान होतं. तिच्या वर अजून कितीतरी मजले होते.

तिसावा मजला

आग एकोणतिसावा संपवून तिसाव्याच्या खिडक्यांतून आत शिरली. या मजल्यावर एका भाडेकरूने स्वतःच्या कार्यालयासाठी स्प्रिंकलर लावून घेतले होते. बंब अजूनही खालून स्प्रिंकलरच्या नळात पाणी भरत होते.

स्प्रिंकलर लागले की सगळे एकदम सुटतात, असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही. प्रत्येकाच्या तोंडाशी उष्णतेने फुटणारा किंवा वितळणारा स्वतंत्र भाग असतो आणि जिथे धग पोचते तेवढेच उघडतात. तिसाव्यावर आग ज्या ज्या खिडकीतून आत येऊ पाहत होती तिथला स्प्रिंकलर उघडला. असे दहा उघडले. आग तिथेच थांबली.

तीनशे माणसांना जे जमलं नाही ते दहा स्प्रिंकलरनी केलं, हे वाक्य मी लिहितो तेव्हा जवानांना कमी लेखत नाही. त्यांना पाणी आगीपर्यंत न्यायचं होतं, इथे ते आधीच तिथे होतं. आग फक्त खिडकीच्या काठाशी असताना, लहान असताना तिच्यावर पडलं. बाविसाव्या मजल्यावर फडक्यांच्या ढिगावर असा एखाद-दुसरा स्प्रिंकलर असता तर कदाचित सोमवारी सकाळी एका ओल्या खोलीची तक्रार आली असती.

रविवार, दुपारी ३.०१

आग आटोक्यात आल्याचं जाहीर झालं.

त्यानंतर

इमारत पुन्हा वापरात आली नाही. शहराच्या ऐन मध्यभागी ती आठेक वर्षं जळकी उभी होती आणि १९९९ पर्यंत पाडून संपली. फिलाडेल्फियाने जुन्या उंच कार्यालयीन इमारतींनाही स्प्रिंकलर सक्तीचे केले. जिन्यांतल्या नळांच्या राष्ट्रीय मानकातून, एनएफपीए १४ च्या १९९३ च्या आवृत्तीतून ६५ चा आकडा गेला आणि १०० चा आला. त्याच्या आदल्याच वर्षी निघालेल्या एनएफपीए २५ या देखभालीच्या मानकाने दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हसाठी नियम घातला: दर पाच वर्षांनी प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, पाणी वाहू द्यायचं, वाहतानाचा दाब मोजायचा आणि तो आधीच्या नोंदीशी ताडून पाहायचा.