सागरी मत्स्यालयातील प्रकाशयोजना

सागरी मत्स्यालयातील प्रकाशयोजना म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काचपेटीतील सजीवांच्या गरजेनुसार दिव्यांचा प्रकार, तीव्रता, वर्ण आणि कालावधी यांची केलेली निवड होय. केवळ मासे ठेवलेल्या पेटीत मध्यम प्रकाश पुरतो. प्रवाळ असलेल्या पेटीत मात्र प्रकाश हाच अन्नाचा मुख्य स्रोत असतो.

जैविक आधार

अनेक प्रवाळांच्या ऊतींमध्ये एकपेशीय शैवाले सहजीवी म्हणून राहतात. ती प्रकाशसंश्लेषणाद्वारे तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा प्रवाळाला देतात. पाण्यात लाल प्रकाश लवकर शोषला जातो आणि निळा प्रकाश खोलवर पोहोचतो. त्यामुळे अशा पेटीत ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाला महत्त्व असते.

मोजमाप

ल्यूमेन हे एकक मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेवर आधारलेले असल्याने येथे अपुरे ठरते. त्याऐवजी ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील प्रकाशसंश्लेषणोपयोगी प्रारण मोजतात. मृदू प्रवाळांना साधारणपणे प्रति चौरस मीटर प्रति सेकंद ५० ते १५० मायक्रोमोल, तर लहान पॉलिपच्या कठीण प्रवाळांना २०० ते ४०० मायक्रोमोल प्रकाश लागतो. पेटीची खोली वाढते तशी तळाशी पोहोचणारी तीव्रता घटते.

दिव्यांचे प्रकार

* टी५ ट्यूब : प्रकाश सर्वत्र समान पसरतो, मात्र तीव्रता हळूहळू घटत असल्याने नळ्या ठरावीक काळाने बदलाव्या लागतात.
* मेटल हॅलाइड : खोल पेट्यांसाठी प्रभावी, परंतु वीजवापर आणि उष्णता अधिक.
* एलईडी : वीज कमी लागते, वर्ण व तीव्रता नियंत्रित करता येते; प्रकाश एकाच ठिकाणी एकवटू नये म्हणून दिव्यांची मांडणी काळजीपूर्वक करावी लागते.

हवामान आणि वीजपुरवठा

प्रवाळांच्या पेटीचे तापमान सामान्यतः २४ ते २७ अंश सेल्सिअस ठेवतात. ते दीर्घकाळ ३० अंशांच्या वर राहिल्यास सहजीवी शैवाले बाहेर पडून प्रवाळ पांढरे पडतात व मरूही शकतात. धाराशिव जिल्ह्यातील लोहाऱ्यासारख्या मराठवाड्यातील गावी उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो. तेथे मेटल हॅलाइडपेक्षा एलईडी सोयीचे ठरतात. वीज गेल्यास इन्व्हर्टरवर दिव्यांपेक्षा पाणी खेळते ठेवणाऱ्या पंपाला प्राधान्य देतात, कारण काही तासांचा अंधार प्रवाळ सहन करतात, परंतु प्राणवायूची कमतरता प्राणघातक ठरते.

वापर आणि सुरक्षितता

दिवे रोज सुमारे ८ ते १० तास, टायमरद्वारे ठरावीक वेळी चालू ठेवतात. नव्या दिव्याची तीव्रता काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवतात. खारे पाणी विजेचे सुवाहक व गंजकारक असल्याने अर्थिंग, गळती-संरक्षक स्विच आणि दिव्यांवरील आच्छादन आवश्यक असते.

कायदेशीर बाजू

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतात प्रवाळभित्ती निर्माण करणारे प्रवाळ व समुद्रघोडे संरक्षित आहेत. त्यामुळे मालवणसारख्या किनाऱ्यावरून प्रवाळ गोळा करून घरी ठेवणे हा गुन्हा ठरतो.