सुईने काढलेले पाखरू : इतिहासाचे एक हरवणारे साधन

१/ हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. जन्म १२७० चा, कुळ शिंप्याचे. गज, कात्री, सुई, दोरा ही घरची अवजारे त्यांच्या पदांत येतात. पहाटे चाऱ्यासाठी उडालेली पक्षिणी आणि तिची वाट पाहणारे उपाशी पिलू त्यांच्या अभंगात येते. हे शब्द टिकले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. पण सुईने कापडावर काढलेल्या पाखरांचे काय झाले?

२/ मराठवाड्यात कापडावर पक्षी उमटवण्याच्या दोन वाटा दिसतात. पहिली मागाची. पैठणीच्या पदरावरील मोर आणि मुनिया विणतानाच रंगीत रेशीम व जर गुंफून घडवले जातात. हे मोलाचे वस्त्र पेटीत जपले गेले, म्हणून त्याचे जुने नमुने आज पाहता येतात.

३/ दुसरी वाट सुईची. मराठवाडा आणि दक्षिण महाराष्ट्रात नेसली जाणारी इरकली साडी मूळची इळकलची (आज बागलकोट जिल्हा). तिच्यावर धारवाड-बेळगाव भागातील स्त्रिया कशिदा काढत. त्या कलेचे नाव ‘कसुती’. ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सुती’ म्हणजे सूत, अशी तिची कानडी व्युत्पत्ती सांगितली जाते.

४/ कसुतीत कापडावर आधी आकृती रेखाटत नाहीत; ताणा-बाण्याचे धागे मोजतात. टाके चार : गवंती, मुर्गी, नेगी, हेंथी. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा. जाताना एकाआड एक जागा सोडायची, परतताना त्या भरायच्या. गाठ मारायची नाही. उलटी आणि सुलटी बाजू सारखीच दिसते.

५/ म्हणून या पद्धतीचा मोर, पोपट वा हंस पायऱ्यापायऱ्यांचा असतो. पाठीचा बाक म्हणजे लहान आडव्या-उभ्या टाक्यांचा जिना. नवशिकीने एक धागा चुकीचा मोजला, तरी परतीचा दोरा जुळत नाही आणि चोच मिटत नाही. मग उसवणे आले. कागदावर नमुना नसला, तरी मोजणी पाठ असे. ती हातातून हातात जाई.

६/ हिंगोलीच्या बंजारा तांड्यांतील सुईची भाषा वेगळी आहे. फेटिया-कांचळीवरील भरतकामात पक्ष्यांपेक्षा त्रिकोण, चौकोन, आरसे आणि कवड्या यांना मान असतो. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहणाऱ्या या समाजाचा व्यापार रेल्वे आणि पक्क्या रस्त्यांनी मोडला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या चौकटीत ब्रिटिश भारताच्या काही भागांत बंजाऱ्यांनाही ओढले गेले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

७/ इथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा. सरकारी दप्तरात या लोकांविषयी जे आहे, ते त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांनी लिहिले. स्वतःविषयी त्यांच्या स्त्रियांनी जे नोंदवले, ते बरेचसे कापडावर होते. दप्तर कपाटात राहिले. कापड अंगावर विरले.

८/ सुती लुगड्याचा शेवट ठरलेला असे. विटले की त्याची गोधडी. थरांवर थर ठेवून पुन्हा तोच धावदोरा. कुण्या आजीने लग्नाआधी मोजून काढलेला पोपट असाच एखाद्या मधल्या थरात गेला असेल. त्या उबेत नातवंडे निजली, आणि इतिहासाचे साधन मात्र दिसेनासे झाले.

९/ तेव्हा ‘पुरावा नाही’ याचा अर्थ ‘कला नव्हती’ असा होत नाही. दगड आणि ताम्रपट टिकण्यासाठी घडवले जातात, कापड वापरण्यासाठी. घरातील जुनी चोळी, कुंची किंवा गोधडी टाकून देण्यापूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. कुणी, कुठे, केव्हा शिवली हे विचारून लिहून ठेवावे. उलटी बाजू विशेष पाहावी. दोऱ्याचा प्रवास आणि हाताची चूक तिथेच दिसते.

१०/ नामदेवांचे नाव साडेसातशे वर्षे टिकले, कारण त्यांचे शब्द पुन्हा पुन्हा गायले गेले. सुईचे पाखरूही तसेच टिकते : कुणीतरी ते पुन्हा मोजून काढले, तरच.