तुपाखाली पिकलेली लस

लस म्हणजे मुळात जखमेतून, फोडातून झरणारं चिकट पाणी. देवी टोचायच्या त्या वासराच्या फोडातल्या लशीनं, म्हणून औषधालाही तेच नाव पडलं. प्लेगची लस मात्र कुठल्या फोडातून आली नाही. ती पिकली भायखळ्याला, तुपाच्या थेंबाखाली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवीत मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले हे संशोधक पटकीच्या लशीसाठी आधीपासून हिंदुस्थानात फिरत होते. जे. जे. रुग्णालयाला लागून असलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तेवढ्यावर काम सुरू झालं.

चंबूत बोकडाच्या मांसाचा रस्सा, वर तुपाचे थेंब सोडलेले. रोगजंतूंना त्या थेंबांचा आधार मिळे आणि त्यांच्या पांढुरक्या लोंब्या खाली लोंबू लागत. चंबूला जराही धक्का लागू द्यायचा नाही, नाहीतर लोंब्या तुटत. मग ठरल्या दिवशी तो मुद्दाम हलवायचा: जुनं पीक तळाशी बसे, तुपाखाली नवं धरे. काही आठवड्यांनी सगळं तापवून जंतू मारायचे आणि कार्बोलिक ॲसिड घालायचं. लस तयार.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ती आधी स्वतःला टोचून घेतली, १० घनसेंटिमीटर. ताप चढला, अंग ठणकलं, ते उतरलं.

पण एक माणूस वाचला म्हणजे लस सिद्ध होत नाही. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळपास निम्म्या कैद्यांनी टोचून घेतलं, उरलेल्यांनी नाही. अन्न तेच, भिंती त्याच. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. टोचलेल्यांत २ आजारी पडले, मेलं कुणीच नाही. ही तुलना मला लशीइतकीच मोलाची वाटते. कैदी आपणहून पुढे आले अशी नोंद आहे. तरी गजाआडच्या माणसाचं ‘हो’ कितपत मोकळं असतं, हा प्रश्न मनातून जात नाही.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावात टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वातानं गेले. ठपका हाफकिनवर आला, पद गेलं. दूषित झाली होती ती एकच बाटली, तीही गावात उघडताना, असा निष्कर्ष निघून ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. तोवर त्या माणसाची उमेदीची वर्षं गेली होती, आणि हा अन्याय सरकारनंच केला.

१९२५ साली परळच्या त्या संस्थेला हाफकिन यांचं नाव मिळालं. ते तेव्हा हयात होते.