लुक्लाची धावपट्टी आणि बारा दिवसांची रजा

एव्हरेस्टवरची जुनी पुस्तकं उघडली की पहिली बरीच पानं नुसती चालण्यात जातात. 1953 ची ब्रिटिश मोहीम 10 मार्चला काठमांडूजवळच्या भक्तपूरहून निघाली, आणि थ्यांगबोचेच्या मठापाशी पोचायला तिला जवळजवळ अडीच आठवडे लागले. रोज उठायचं, एखादी खिंड चढायची, पलीकडच्या नदीपर्यंत उतरायचं, परत चढायचं. वाचणारा कंटाळून पानं उलटतो. पण ती माणसं पुढे उंचीवर तगली त्यात या कंटाळवाण्या चालीचा वाटा मोठा होता. आणि गंमत म्हणजे निदान हा भाग कोणी आरोग्यासाठी म्हणून ठरवलेला नव्हता. दुसरा रस्ताच नव्हता! (थ्यांगबोचेनंतरचे सरावाचे दिवस मात्र हंटनं ठरवूनच ठेवले होते.)

मग 1964 साली लुक्लाची धावपट्टी झाली. सर एडमंड हिलरींना शेर्पांच्या गावांत शाळा आणि दवाखाना बांधायचा होता, त्याचं सामान पाठीवरून आणायला फार वेळ जाई, म्हणून ही सोय. माती दाबायला रोलर नव्हता, तेव्हा शेर्पांना दारू पाजून धावपट्टीवर नाचवलं आणि जमीन सपाट केली, अशी गोष्ट सांगतात. हेतू अगदी चांगला. खुंदेचा दवाखाना 1966 मध्ये सुरूही झाला. पण धावपट्टी एकदा झाली की तिच्यावर फक्त सिमेंट आणि पत्रे उतरत नाहीत. त्याच 1964 मध्ये जिमी रॉबर्ट्स या निवृत्त गुरखा अधिकाऱ्यानं काठमांडूत 'माउंटन ट्रॅव्हल' ही कंपनी काढली. गिर्यारोहक नसलेल्या साध्या माणसांना तंबू, स्वयंपाकी, हमाल पुरवून डोंगरात फिरवून आणायचं, ही कल्पना तेव्हा नवीन होती. आज आपण ज्याला 'ट्रेकिंग पॅकेज' म्हणतो त्याचा हा मूळपुरुष.

आता हिशोब बघा. काठमांडू साधारण 1,400 मीटरवर, लुक्ला 2,860 वर. अडीच आठवड्यांचं अंतर विमान पाऊण तासाच्या आत कापतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तर याच्याही पुढची मजल मारली गेली. नामचेच्या वर सुमारे 3,880 मीटरवर एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेल उभं राहिलं, जवळच स्यांगबोचेची धावपट्टी. काठमांडूला नाश्ता करायचा आणि थेट तिथे उतरायचं. खोल्यांमध्ये ऑक्सिजनची सोय ठेवावी लागली, यावरून पाहुण्यांचं काय होत असेल ते ओळखा.

शरीराचं गणित सोपं आहे. वर ऑक्सिजनचं प्रमाण तेच 21 टक्के असतं, पण हवेचा दाब कमी होतो. एव्हरेस्ट बेस कँपला तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. शरीर जुळवून घेतं, पण स्वतःच्या वेगानं. वेळ दिला नाही तर आधी डोकेदुखी, मळमळ, झोप नाही. तरीही वर चढत राहिलं तर फुफ्फुसात पाणी होतं किंवा मेंदूला सूज येते, आणि मग काम तासांवर येतं. याची मोठी किंमत आधी मोजली ती आपल्या जवानांनी. 1962 च्या युद्धाच्या सुमारास सखल भागातल्या सैनिकांना घाईघाईनं हिमालयात चढवलं गेलं. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या लष्करी सहकाऱ्यांनी अशा 1,925 सैनिकांचा अभ्यास 1969 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. या विषयावरचा तो आजही मैलाचा दगड मानला जातो, आणि आपल्याकडे त्याचं नाव फारसं कोणाला ठाऊक नाही. असो.

युद्धात सैनिकांचं जे झालं तेच लुक्लाला उतरणाऱ्या प्रवाशांचं हौसेनं होऊ लागलं. ते थांबवायला 1973 मध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशन निघाली आणि फेरिचे या गावात तिनं मदतकेंद्र टाकलं. तिथे काम करणाऱ्या पीटर हॅकेट या तरुण अमेरिकन डॉक्टरनं येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रेकर्सची पद्धतशीर नोंद ठेवली. ती 1976 मध्ये लॅन्सेटमध्ये आली. 4,243 मीटरवरच्या 278 ट्रेकर्सपैकी 53 टक्क्यांना त्रास झालेला. कोणाला जास्त? लुक्लाला विमानानं आलेल्यांना, भराभर चढलेल्यांना, वाटेत कमी रात्री काढलेल्यांना आणि तरुणांना! पाठीवर किती ओझं आहे, बाई की पुरुष, आधी उंचीवर जाऊन आला आहात का, या कशाचा संबंध सापडला नाही.

हे वाचून मला आमच्या ऑफिसातली मंडळी आठवतात. दरवर्षी ऑक्टोबर जवळ आला की कोणीतरी बेस कँपला निघालेलं असतं आणि घरच्यांचे प्रश्न ठरलेले: "तिकडे सेफ आहे ना रे? चोऱ्यामाऱ्या? अस्वल-बिस्वल?" दूरच्या मुलखातला परका पाहुणा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लुटारूच येतो. तसे प्रसंग नसतात असं नाही. 1996 ते 2006 च्या यादवीत माओवादी वाटेत परदेशी ट्रेकर्सकडून 'देणगी' उकळायचे. पण त्याची रीतसर पावती द्यायचे, आणि पुढच्या टोळीला ती दाखवली की सुटका! उंची मात्र पावती देत नाही. आणि निघणाऱ्याचं उत्तर काय असतं? "अरे, दर वीकेंडला सह्याद्रीत असतो मी." महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. लुक्लाचं विमान उतरतं तेच त्याच्या बाराशे मीटर वर.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा आकडा पुढचा आहे. काठमांडूत अनेक वर्षं काम केलेल्या डॉ. डेव्हिड श्लिम यांनी ट्रेकर्सच्या मृत्यूंचा हिशोब ठेवला. ऐंशीच्या दशकात लाखात साधारण 15 मृत्यू, म्हणजे एकूण धोका तसा कमीच. पण 1987 ते 1991 या काळात जे उंचीमुळे दगावले, त्यातले सुमारे 80 टक्के कंपन्यांच्या संघटित ग्रुपमधले होते, आणि असे ग्रुपवाले एकूण ट्रेकर्समध्ये होते फक्त 40 टक्के. म्हणजे ज्यांच्याबरोबर नेता, स्वयंपाकी, हमाल सगळा लवाजमा, तेच जास्त मेले.

विचार केला तर नवल नाही. एकटा माणूस डोकं दुखलं तर लॉजवर पडून राहतो, एक दिवस वाढला तर वाढला. ग्रुपला तारखा असतात. पैसे आधी भरलेले, परतीचं विमान ठरलेलं, बारा दिवसांची रजा मॅनेजरकडून मिनतवारीनं काढलेली, सोमवारी रिलीज. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं तर दहा जणांचा खोळंबा. माणूस गोळी घेतो आणि "काही नाही, झोप झाली नाही" म्हणतो. (डेडलाइनच्या आठवड्यात आपणही हेच म्हणतो की.) डॉक्टरांचा नियम बरोबर याच्या उलट: उंचीवर बरं वाटत नसेल तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजा, त्रास असताना वर झोपायला जाऊ नका, वाढत असेल तर रात्र असो की पाऊस, खाली उतरा.

माहिती असून ती पोचत नाही हाही एक प्रकार आहे. 12 ऑक्टोबर 2014 ला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं, त्याच्या बातम्या सगळीकडे होत्या. दोनच दिवसांनी त्याच्या उरलेल्या ढगांनी अन्नपूर्णा भागात थोरोंग ला खिंडीवर बर्फ ओतलं. त्या हिमवादळात आणि हिमप्रपातांत मिळून किमान 43 माणसं गेली, त्यात नेपाळी, इस्रायली, भारतीयही होते. खिंडीखालच्या लॉजपर्यंत इशारा नेणारी व्यवस्थाच नव्हती.

पुढे उपायांचाही धंदा झाला. गरज नसताना ट्रेकरला हेलिकॉप्टरनं खाली आणून विमा कंपन्यांकडून पैसे उकळायचे, हे प्रकरण 2018 मध्ये बाहेर आलं आणि नेपाळ सरकारला चौकशी करावी लागली. म्हणजे पूर्वी डोकं दुखणाऱ्याला वर ढकलत, आता खाली. दोन्हीकडे प्रश्न तोच: थांबायचं की नाही हे ठरवणाऱ्याचा फायदा कशात आहे?

1 एप्रिल 2023 पासून नेपाळनं परदेशी ट्रेकर्सना गाइड सक्तीचा केला. एकटी माणसं बेपत्ता होतात आणि शोधायला खर्च होतो हे कारण दिलं. त्यात तथ्य आहे, वाट चुकणाऱ्याला गाइड वाचवतोच. खुंबूच्या स्थानिक पालिकेनं मात्र हा नियम आपल्याकडे लावायला नकार दिला. मला स्वतःला गाइड घेणं पटतं. पण गाइड कंपनीचा नोकर असेल, आणि वेळापत्रक मोडलं तर त्याचीच मजुरी कापली जाणार असेल, तर श्लिम यांचा तो 80 टक्क्यांचा आकडा तिथेच राहतो.

त्यामुळे कोणी मला बेस कँपचं पॅकेज पाठवून "कसं वाटतंय?" विचारलं तर मी फोटो आणि जेवणाचा मेनू सोडून तारखा बघतो. नामचेला पूर्ण एक दिवस मुक्काम आहे का, फेरिचे किंवा दिंगबोचेला आहे का, लुक्लाचं विमान ढगांमुळे रद्द झालं तर शिल्लक दिवस आहे का. आणि आयोजकाला एक प्रश्न विचारायला सांगतो: एकाला वाटेत थांबावं लागलं तर त्याच्याबरोबर तुमचं कोण थांबणार, आणि त्या माणसाचे त्या दिवसांचे पैसे कोण देणार?