दिवा कोणाच्या मापानं मोजायचा? झाडांसाठीच्या घरगुती एलईडी दिव्यामागचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला झाडांच्या दिव्यात कशाला रस, असं काहींच्या मनात आलं असेल. माझा रस एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'कार्यक्षमता'. घरच्या घरी, कमी विजेत जास्त उजेड देणारा, कुंड्यांवर टांगायचा एलईडी दिवा आज कोणीही जुळवू शकतं. बाजारात पट्ट्या मिळतात, अॅल्युमिनियमची चॅनेल मिळते, ड्रायव्हर मिळतो. पण 'जास्त उजेड' म्हणजे कोणाला जास्त? तुम्हाला, की कोथिंबिरीला? या साध्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळायला माणसाला जवळजवळ शंभर वर्षं लागली. आज आपण ती शंभर वर्षं पाहणार आहोत.

आधी आपल्याच घरातलं एक उदाहरण घेऊ. नवरात्रात घटाभोवती धान पेरतात. देवघराच्या कोपऱ्यात नऊ दिवसांत ते वीतभर वाढतं, दसऱ्याला आपण त्याचे तुरे टोपीत खोवतो. त्या तुऱ्यांचा रंग आठवा. फिकट पिवळा. शेतात नऊ दिवसांचं रोप हिरवंगार आणि बुटकं असतं, घटाचं मात्र लांब, नाजूक आणि पिवळसर. त्या खोलीत आपण आरामात पोथी वाचत असतो. आपल्या दृष्टीनं तिथे भरपूर उजेड असतो. रोपाच्या दृष्टीनं तिथे अंधारच असतो. ते उजेड शोधत उंच होत जातं आणि बियाण्यातली शिदोरी खर्च करतं.

आकड्यात सांगायचं, तर वाचनापुरता उजेड असतो ३०० ते ५०० लक्स. बाहेर भर दुपारच्या उन्हात असतात सुमारे एक लाख लक्स. फरक दोनशे-तीनशे पटींचा आहे. तो आपल्याला जाणवत नाही, कारण डोळा स्वतःला जुळवून घेतो. पानाला तशी सोय नाही. त्याला जितका प्रकाश मिळेल तितकंच अन्न तयार होतं.

आता इतिहासाकडे येऊ. झाडाला प्रकाश लागतो हे शेतकऱ्याला कायमच ठाऊक होतं. पण प्रकाश नेमकं काय करतो, हे प्रयोगानं दाखवलं यान इंगेनहाउझ या डच वैद्यानं, १७७९ साली. त्याच्या थोडं आधी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टलीला दिसलं होतं की, मेणबत्ती जळून 'खराब' झालेली हवा पुदिन्याची डहाळी पुन्हा 'चांगली' करते. इंगेनहाउझनं पुढचं पाऊल टाकलं. हे काम फक्त हिरवे भाग करतात, आणि तेही फक्त प्रकाशात, असं त्यानं दाखवलं. तेव्हा झाडापुढे ठेवण्याजोगा प्रखर दिवा कोणाकडे नव्हता. तो यायला आणखी शंभर वर्षं गेली.

१८८० साली विल्यम सीमेन्स यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. विषय होता विजेच्या दिव्याचा वनस्पतींवर होणारा परिणाम. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी धरून ठेवणारा तो आर्क दिवा. सीमेन्स यांनी रोपांचे चार गट केले. एक पूर्ण अंधारात, एक फक्त विजेच्या दिव्याखाली, एक फक्त दिवसाच्या उजेडात, आणि एक दिवसा उन्हात व रात्री दिव्याखाली. अंधारातली रोपं पिवळी पडली. दिव्याखालची हिरवी झाली. दोन्ही मिळालेली सगळ्यांत जोमदार निघाली. म्हणजे सूर्याशिवायही पान हिरवं होऊ शकतं, हे सिद्ध झालं. पुढच्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली यांनी असेच प्रयोग केले. उघडा आर्क दिवा जवळ असेल तर रोपांना इजा होते आणि मध्ये काच धरली की ती कमी होते, हेही या प्रयोगांतून कळलं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. सीमेन्स आपला दिवा कशात मोजत होते? मेणबत्त्यांत. इतक्या मेणबत्त्यांइतका प्रखर. आणि किती मेणबत्त्या, हे ठरवायला माणसाचा डोळाच वापरायचा. प्रयोग पानावर चालला होता आणि मोजमाप डोळ्याचं होतं. तेव्हा यात कोणाला काही खटकलं नाही, कारण दुसरं माप हाताशी नव्हतं.

पुढे १९२४ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानं हे डोळ्याचं माप पक्कं केलं. माणसांच्या डोळ्यांवर प्रयोग करून सरासरी काढली आणि कोणत्या रंगाला डोळा किती प्रतिसाद देतो याचा आलेख ठरवला. हा आलेख हिरव्या-पिवळ्या रंगाशी, म्हणजे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीला, सर्वांत उंच आहे. दोन्ही टोकांना, तांबड्याकडे आणि निळ्याकडे, तो झपाट्यानं उतरतो. आजचा ल्यूमेन याच आलेखावर उभा आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्रोटॅगोरस माणसालाच सगळ्या गोष्टींचा मापदंड मानत असे. ल्यूमेनच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. रस्त्यावरच्या किंवा अभ्यासाच्या दिव्यासाठी हे योग्यच आहे. तो दिवा माणसासाठीच असतो.

दरम्यान पानाचं स्वतःचं मत विचारण्याचा एक फार सुंदर प्रयोग होऊन गेला होता. १८८२ साली टेओडोर एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञानं हिरव्या शेवाळाचा एक धागा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यावर लोलकातून आलेला इंद्रधनुष्यी पट्टा पाडला. पाण्यात प्राणवायूकडे धावणारे जिवाणू सोडले. ते तांबड्या आणि निळ्या-जांभळ्या भागात दाटीवाटीनं जमले, हिरव्या भागात थोडेच राहिले. जिथे प्राणवायू जास्त तयार होतो, तिथे गर्दी. मोजणारं यंत्र म्हणजे जिवंत जिवाणू!

पण या निकालातून एक समजूत पसरली, ती आजही पाठ्यपुस्तकांत आणि बाजारात टिकून आहे. 'झाडाला हिरवा प्रकाश लागत नाही.' हरितद्रव्य वेगळं काढून द्रावणात तपासलं की तेही हिरवा सोडून देतं, म्हणून समजुतीला बळ मिळालं. पण शेवाळाचा धागा पातळ असतो, हिरवा प्रकाश त्यातून सरळ निघून जातो. जाड पानात तसं होत नाही. तिथे प्रकाश पेशीपेशींवर आपटत, वळत फिरतो आणि हिरव्यातलाही बराचसा भाग शेवटी शोषला जातो. भाग तपासून संपूर्णाविषयी निष्कर्ष काढायचा, हा तर्कशास्त्रातला जुना दोष इथे प्रयोगशाळेचा कोट घालून आला.

मग विसाव्या शतकात प्रश्नाचं रूपच बदललं. १९०५ साली आइनस्टाइननं मांडलं की प्रकाश सुट्या पुड्यांत येतो. या पुडीला पुढे फोटॉन म्हणू लागले. निळ्या फोटॉनमध्ये ऊर्जा जास्त, तांबड्यात कमी. पण पानातल्या रासायनिक कामासाठी एक फोटॉन म्हणजे एकच धक्का. निळ्यातली जादा ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणजे पानाच्या हिशेबात ऊर्जेपेक्षा फोटॉनची संख्या महत्त्वाची.

मग एक प्राणवायूचा रेणू सुटायला किती फोटॉन लागतात? यावर मोठा वाद झाला. नोबेल मिळवलेले ओटो वारबुर्ग म्हणत, चार. त्यांचेच विद्यार्थी रॉबर्ट इमर्सन अमेरिकेत मोजून सांगत होते, आठ ते बारा. वारबुर्ग १९४८ साली इमर्सन यांच्या प्रयोगशाळेत येऊन गेले, तरी एकमत झालं नाही. काळानं विद्यार्थ्याच्या बाजूनं कौल दिला. गुरूचा अधिकार मोठा असला तरी मोजमाप त्याला बांधील नसतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

आणि १९७२ साल उजाडलं. टेक्सासमध्ये कीथ मक्री यांनी २२ जातींच्या पिकांची पानं घेतली, प्रत्येक रंगाचा प्रकाश त्यांच्यावर टाकून प्रकाशसंश्लेषण मोजलं. तांबडा सर्वांत उपयोगी निघाला, पण हिरवाही चांगलाच कामाचा ठरला. त्यांनी व्यवहारी तोडगा सुचवला. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले सगळे फोटॉन सारखे धरा आणि सरळ मोजा. आज झाडांचे दिवे 'एका जूल विजेत किती मायक्रोमोल फोटॉन' या मापानं तोलतात, त्याचा पाया हा आहे. मोल म्हणजे रसायनशास्त्रातलं डझन समजा, फक्त फार मोठं.

दोन मापांतला फरक पाहा. एक वॅट शुद्ध हिरवा प्रकाश, ५५५ नॅनोमीटरचा, देतो ६८३ ल्यूमेन. एक वॅट गडद तांबडा, ६६० नॅनोमीटरचा, देतो जेमतेम ४२. डोळ्याच्या मते तांबडा दिवा सोळापट भिकार. आता फोटॉन मोजा. हिरव्यात सेकंदाला ४.६ मायक्रोमोल, तांबड्यात ५.५. पानाच्या मते तांबडा वरचढ! दिवा तोच आहे, फुटपट्टी बदलली की निकाल उलटतो.

एलईडीची गोष्टही इथेच येऊन मिळते. १९६२ साली निक होलोन्याक यांनी डोळ्याला दिसणारा तांबडा एलईडी केला. १९९१ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी तांबड्या एलईडीखाली लेट्यूस वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. निळ्यासाठी त्यांना ट्यूबलाइट जोडावी लागली, कारण प्रखर निळा एलईडी अजून आलाच नव्हता. तो शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली आणला. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चं नोबेल मिळालं. निळ्या चिपवर पिवळी फॉस्फर पूड बसवून पांढरा एलईडी झाला, आणि तो घराघरांत गेला.

म्हणून आज घरी दिवा करणाऱ्याला जांभळ्या-गुलाबी दिव्याच्या मागे लागण्याची गरज नाही. चांगल्या पांढऱ्या पट्ट्या पुरतात, शिवाय त्या उजेडात पानाचा खरा रंग आणि कीड दिसते. ल्यूमेनवरून अंदाज काढायचा असेल, तर नेहमीच्या पांढऱ्या एलईडीसाठी ल्यूमेनला साधारण ७० नं भागा. नऊ वॅटचा, ९०० ल्यूमेनचा बल्ब म्हणजे सेकंदाला सुमारे १३ मायक्रोमोल, म्हणजे एका जूलला १.४. उत्तम पट्ट्या अडीचपर्यंत सहज जातात.

दुसरी युक्ती भौतिकशास्त्राची आहे. एलईडीमधून जितका जास्त विद्युतप्रवाह, तितकी त्याची कार्यक्षमता घसरते. गरम झाला की आणखी घसरते. म्हणून दुप्पट एलईडी घ्यायचे आणि निम्म्या प्रवाहावर चालवायचे, मागे अॅल्युमिनियम द्यायचं. खर्च आधी जास्त होतो, मग बिलात वसूल होतो. मात्र ड्रायव्हर खात्रीचा हवा आणि धातूच्या चौकटीला अर्थिंग हवं, कारण खाली पाणी घालायचं असतं.

दोन फूट लांब-रुंद ट्रेचा हिशेब करून पाहू. तो सुमारे ०.३६ चौरस मीटर. पालेभाजीला प्रति चौरस मीटर सेकंदाला २०० मायक्रोमोल, रोज १४ तास, एवढ्यावर काम चालतं. म्हणजे ट्रेवर ७२ मायक्रोमोल पडायला हवेत. वीस टक्के उजेड बाजूला जातो असं धरलं, तर अडीचवाल्या दिव्याला ३६ वॅट लागतात. रोज अर्धा युनिट, महिन्याला पंधरा. एका जूलला एकच मायक्रोमोल देणाऱ्या दिव्याला याच कामासाठी ९० वॅट, म्हणजे महिन्याला जवळपास ३८ युनिट लागतील.

इथे कोणी विचारेल, आपल्याकडे एवढं ऊन असताना हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. आपली बरीचशी वीज कोळशाची. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठवलेलं ऊन. ते जाळून साधारण एक तृतीयांश वीज मिळते, त्यातला निम्मा-अधिक भाग दिव्यात प्रकाश होतो, आणि पान त्यातला काही टक्केच अन्नात साठवतं. या वाटेनं गहू पिकवणं शहाणपणाचं नाही. पण समोर टॉवर उभा राहून ज्यांच्या गॅलरीतलं ऊन गेलं, त्यांना रोपं तयार करायला किंवा मूठभर पुदिना वाढवायला पंधरा युनिट ही वाजवी किंमत आहे. कार्यक्षम दिवा आणि गरजेचा दिवा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर यंत्र देतं, दुसऱ्याचं आपल्याला द्यावं लागतं.

आणि मक्रींचं मापही अखेरचं नव्हे. ७०० नॅनोमीटरच्या पलीकडचे काही फोटॉन, इतर रंगांच्या जोडीनं आले तर, पान वापरतं, असं २०२० च्या सुमारास अमेरिकेतल्या यूटामधील संशोधकांनी दाखवलं. त्यांच्या मते मापाची सीमा थोडी सरकवायला हवी. यात मक्रींचा पराभव नाही. पानाला विचारत राहायचं, हीच तर त्यांची पद्धत होती.

तेव्हा दिव्याच्या खोक्यावर 'उच्च कार्यक्षमता' असं लिहिलेलं दिसलं, की आधी विचारा, कोणाच्या मापानं? ल्यूमेन लिहिले असतील तर ते तुमच्यासाठी आहेत. मायक्रोमोल लिहिले असतील तर झाडासाठी. काहीच लिहिलं नसेल आणि फक्त मोठे वॅट असतील, तर ते वीजबिलासाठी आहेत. आता तुमचे प्रश्न घेऊ या.